दगडाच्या पोटातला दात : धन्यवादित निकोलस स्टेनो



येत्या ५ डिसेंबरला धन्यवादित निकोलस स्टेनो यांचा स्मृतिदिन आहे. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. परंतु आपल्या घरातील शाळकरी मुलांनी भूगोलाच्या पुस्तकात खडकांच्या थरांची चित्रे नक्कीच पाहिली असतील. खालचा थर जुना, वरचा नवा, हे वाक्य त्यांनी परीक्षेसाठी पाठही केले असेल. ते थर वाचायचे कसे हे जगाला नीट मांडून दाखवणारा माणूस पुढे कॅथलिक बिशप झाला, हे मात्र पुस्तकात सहसा लिहिलेले नसते.

मला त्यांची आठवण झाली ती एका प्रोजेक्टमुळे. मध्यंतरी आपल्या धर्मग्रामातील एक छोटा मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा रंगवलेला ज्वालामुखी होता. स्टेशनजवळच्या दुकानात असले प्रोजेक्ट तयार मिळतात. मी त्याला सहज विचारले की, लाव्हा बाहेर आल्यावर त्याचे पुढे काय होते. त्याने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे पाहिले. मुलाला दहापैकी दहा गुण मिळाले, असे नंतर कळले. मी त्या माउलीला दोष देत नाही. घरकाम, नोकरी, लोकलचा प्रवास, यातून वेळ कुठून काढायचा? पण तो मुलगा घरी गेल्यावर स्टेनोंचे चरित्र मी पुन्हा काढून वाचले.

त्यांचे मूळ नाव नील्स स्टेनसेन. जन्म ११ जानेवारी १६३८, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे, लुथरन कुटुंबात. वडील सोनार होते, राजदरबारासाठी काम करीत. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत नील्स आजारी होता. घराबाहेर पडून बरोबरीच्या मुलांत खेळणे त्याच्या नशिबी नव्हते. मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत आणि वडिलांच्या दुकानातील बारीक अवजारे पाहत त्याचे बालपण गेले. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. पुढे १६५४-५५ साली शहरात प्लेगची साथ आली आणि त्याच्या शाळेतील सुमारे २४० विद्यार्थी दगावले. वर्गातले बाक असे रिकामे होताना पाहिलेल्या मुलाच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना आपणच करावी.

त्याच शाळेत त्याला ओले बोर्क नावाचे शिक्षक लाभले. हे गृहस्थ भाषा शिकवीत, पण त्यांना रसायनांचे आणि वनस्पतींचे वेड होते आणि ते मुलांना प्रयोग दाखवीत. एक चांगला शिक्षक माणसाचे आयुष्य कसे वळवतो याचे हे उदाहरण आहे. नील्स विद्यापीठात गेला तेव्हा युद्ध सुरू झाले. स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि विद्यार्थ्यांनाही तटावर पहारे द्यावे लागले. अशा धामधुमीत, १६५९ साली, त्याने एक वही लिहिली. वाचलेले, पाहिलेले, सुचलेले असे सर्व काही तीत एकत्र आहे आणि त्याने तिला नावही ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, असेच दिले. ही वही पुढे विसाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात सापडली. त्यात एकवीस वर्षांच्या या तरुणाने एक विचार नोंदवला आहे : देवाने केलेली सृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता केवळ दुसऱ्यांचे लिहिलेले वाचून समाधान मानणे हा देवाच्या थोरवीचा अपमान आहे, असे त्याला वाटत होते. पापांची यादी करताना आपण हे पाप कधी मोजत नाही!

मग तो हॉलंडला गेला. १६६० च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅम येथे त्याने मेंढीचे एक मुंडके विकत आणले आणि आपल्या खोलीत ते कापायला बसला. हातातील बारीक सळई तो एका नळीत सरकवत होता. अचानक ती मोकळ्या जागेत गेली आणि दातावर आपटल्याचा आवाज आला. गालाजवळच्या ग्रंथीतून लाळ तोंडात आणणारी ती नळी होती. आजही वैद्यकाचे विद्यार्थी तिला स्टेनोची नळी म्हणतात. ज्यांच्या घरी तो शिकायला राहिला होता त्या प्राध्यापक ब्लासियस यांनी हा शोध आपलाच असल्याचे सांगितले आणि मोठा वाद झाला. स्टेनोने उत्तर दिले ते पुन्हा कापून, पुन्हा दाखवून.

पुढे लायडनच्या विद्यापीठात असताना त्याने हृदय कापून पाहिले. त्या काळी हृदय म्हणजे उष्णतेची भट्टी, अशी समजूत होती आणि थोर तत्त्वज्ञ देकार्त यांचेही मत तसेच होते. स्टेनोला हृदयात भट्टी आढळली नाही, स्नायूचे तंतू आढळले. हृदय हा एक स्नायू आहे, बाकी काही नाही, असे त्याने जाहीर केले. नंतर पॅरिसमध्ये विद्वानांपुढे मेंदूवर व्याख्यान देताना त्याने सुरुवातच अशी केली की, मेंदूविषयी आपल्याला काही कळलेले नाही. आणि मग देकार्त यांनी मेंदूतील ज्या ग्रंथीला आत्म्याचे आसन मानले होते ती त्यांच्या वर्णनाप्रमाणे हलूच शकत नाही, हे दाखवून दिले. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. देकार्त आणि त्यांची ती ग्रंथी आम्ही परीक्षेसाठी घोकली होती. ते मत प्रत्यक्ष पाहून खोडणारा माणूस पुढे आपल्याच ख्रिस्तसभेचा बिशप झाला, हे मला वयाच्या चाळिशीत कळले.

१६६६ साली स्टेनो इटलीत फ्लॉरेन्सला आले. (आता त्यांना ‘अरेतुरे’ करणे बरे नाही.) टस्कनीचे ग्रँड ड्यूक फर्डिनांड यांना विज्ञानाची आवड होती. त्यांनी स्टेनो यांना आश्रय दिला. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात लिवोर्नोच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी एक अवाढव्य शार्क मासा पकडला. आपल्या बाजारात येणारी मोरी किंवा मुशी डोळ्यांपुढे आणा. त्याच कुळातला, पण वजन हजार किलोंच्या वर. ड्यूकने त्याचे डोके फ्लॉरेन्सला मागवले आणि स्टेनो यांना कापायला दिले.

स्टेनो यांनी मेंदू, डोळे, कातडी सारे तपासले आणि शेवटी ते दातांपाशी आले. असले दात त्यांनी आधी पाहिले होते, पण माशाच्या तोंडात नव्हे, दगडात! माल्टा बेटावरील खडकांतून असे त्रिकोणी चकचकीत दगड निघत. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात संत पौलाला माल्टा बेटावर साप डसल्याची हकिकत आपण वाचतो. लोकांत अशी कथा होती की, पौलाने तेथील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या. म्हणून हे दगड विषावर उतारा म्हणून लोक गळ्यात घालीत, दारूत बुडवून पीत. विद्वानांची कथा वेगळी होती : जमिनीत एक शक्ती असते आणि ती खडकाच्या आत अशा आकृत्या घडवते. हे शार्कचे दात आहेत असे म्हणणारे लोक स्टेनो यांच्या आधीही होते, इटलीच्याच फाबियो कोलोन्ना यांनी १६१६ साली ते लिहिले होते. पण ते सर्वांना पटावे कसे?

येथे स्टेनो यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी आधी डोळ्यांना काय दिसले ते लिहिले आणि आपले तर्क त्यापासून वेगळे ठेवले. मग एकेक प्रश्न विचारला. हे दगड खडकात वाढत असते तर कठीण खडकात वाढताना त्यांना जागा कोठून मिळाली? झाडाचे मूळ खडकाच्या फटीत वाढते तेव्हा ते वेडेवाकडे होते, दगडालाही तडा जातो. जिभेचे दगड मात्र कोठेही सापडले तरी आकाराने नीटस. शिवाय त्यांतले काही झिजलेले, किडलेले. वाढणारी वस्तू किडत जाईल का? त्यापेक्षा असे मानणे सोपे, की दात आधीपासून होते आणि त्यांच्याभोवतीचा खडक एके काळी मऊ चिखल होता. १६६७ साली त्यांनी हे छापले, पण अंतिम निकाल दिला नाही. आधी डोंगर पाहायला हवेत, असे त्यांनी ठरवले.

त्यानंतर त्यांनी टस्कनीचे डोंगर, दगडांच्या खाणी, नद्यांचे काठ आणि गुहा पालथ्या घातल्या. एल्बा बेटावरील लोखंडाची खनिजे, व्होल्तेराच्या टेकड्यांतील शिंपले त्यांनी हाताळले. १६६९ साली त्यांचे छोटेसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले. जेमतेम ऐंशी पानांचे. मोठ्या ग्रंथाची ती प्रस्तावना होती. मोठा ग्रंथ कधी लिहिला गेलाच नाही. पुस्तकाचा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो : एका घन वस्तूच्या आत दुसरी घन वस्तू कशी आली?

नाताळात आपल्या घरोघरी मिल्क क्रीम करतात. गरम मिश्रण रबरी साच्यात दाबले की त्यावर फूल उमटते. समजा, परक्या देशातील एका माणसाने फक्त तो साचा आणि त्यात बसलेले मिल्क क्रीम पाहिले. आधी कोण घट्ट झाले, हे तो कसे ओळखील? ज्याचा आकार स्वतःचा, पूर्ण आणि सर्वत्र सारखा, ते आधीचे. ज्याने दुसऱ्याच्या आकाराला जागा करून दिली, ते नंतरचे. शिंपला स्वतःच्या आकारात पुरा असतो आणि खडकावर त्याचा ठसा उठतो, म्हणून शिंपला आधीचा, खडक नंतरचा. उलट खडकाच्या भेगेत साचलेले खनिज भेगेचा आकार घेते, म्हणून तेथे खडक आधीचा. एवढा एक नियम हाताशी आला आणि मुका दगड साक्ष देऊ लागला.

तेथून ते थरांकडे वळले. पाण्यात तरंगणारा गाळ खाली बसतो तेव्हा तळाशी थर तयार होतो. वरचा थर बसण्यासाठी खालचा आधी घट्ट झालेला हवा, म्हणून खालचा जुना. गाळ पाण्यातून बसताना साधारण आडवाच बसतो, म्हणून थर तिरके किंवा उभे दिसले तर नंतर काहीतरी उलथापालथ झाली असली पाहिजे. अडथळा नसेल तर थर दूरवर सलग पसरतो, म्हणून दरीच्या दोन्ही बाजूंना तोच थर दिसला तर मधला भाग नंतर कोरला गेला. हे तीन नियम घेऊन त्यांनी टस्कनी प्रांताचा भूतकाळ सहा आकृत्यांत मांडला : पाण्याने झाकलेला प्रदेश, मग कोरडा, मग आतून पोखरून खचलेला, आणि पुन्हा एकदा तसेच. भूमीलाही इतिहास असतो आणि तो क्रमाने सांगता येतो, ही कल्पना तेव्हा नवी होती.

कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना खिडकीतून पाहा. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. तो गाळाचा नव्हे, लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक पसरलेले लाव्ह्याचे थर ते. पण स्टेनो यांचा पहिला नियम तेथेही लागू पडतो : सर्वांत खालची पायरी सर्वांत जुनी. त्या मुलाला मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या खिडकीबाहेर उभे होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टेनो यांनी पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच धरले होते आणि नोहाच्या काळातील जलप्रलयालाही त्यांच्या मांडणीत जागा होती. कोट्यवधी वर्षांचा हिशेब पुढच्या लोकांनी केला. पण तो करण्यासाठी जी पट्टी लागली ती त्यांच्या हातची होती. श्रद्धा आणि विज्ञान यांचे भांडण लावणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना हे चरित्र थोडे अडचणीचेच जाते.

याच काळात त्यांच्या अंतःकरणात दुसरा प्रश्न चालू होता. १६६६ च्या जूनमध्ये लिवोर्नो येथे त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली होती. शहर रस्त्यावर लोटले होते. त्यांनी तोच नियम स्वतःला लावला असे मला वाटते. एक तर हे लोक भाकरीच्या तुकड्यापुढे गुडघे टेकून फसत आहेत, नाहीतर येथे खरोखर ख्रिस्त आहे आणि मीच त्याला मान देत नाही. तिसरी वाट नाही. त्यांनी घाई केली नाही. मूळ भाषांतील ग्रंथ वाचले. मठातील औषधालय सांभाळणाऱ्या सिस्टर मारिया फ्लाविया यांच्याशी अनेकदा बोलले. २ नोव्हेंबर १६६७ रोजी, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, त्यांचा निर्णय झाला आणि ते कॅथलिक झाले.

१६७२ साली डेन्मार्कच्या राजाने त्यांना मायदेशी बोलावले. धर्म बदलल्यामुळे त्यांना विद्यापीठातील प्राध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून राजाचे शरीरशास्त्रज्ञ असा हुद्दा देण्यात आला. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले ते शवविच्छेदन करून, समोर दाखवून. पण धर्मावरून कुरबुरी सुरू झाल्या आणि दोन वर्षांत ते फ्लॉरेन्सला परतले. १६७५ च्या ईस्टरच्या काळात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही काळ त्यांनी ड्यूकच्या मुलाला शिकवले. १६७७ साली संत ग्रेगोरिओ बार्बारिगो यांच्या हस्ते त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला आणि पोपमहोदयांनी त्यांना उत्तर युरोपात पाठवले, जेथे कॅथलिक मूठभरच उरले होते.

हॅनोव्हरला त्यांची तत्त्वज्ञ लायब्निट्स यांच्याशी ओळख झाली. इतका मोठा संशोधक विज्ञान सोडून धर्माच्या मागे का लागला, याची लायब्निट्स यांना हळहळ वाटे. पृथ्वीच्या घडणीवर पुढे लायब्निट्स यांनी स्वतः ग्रंथ लिहिला, त्यात स्टेनो यांच्या विचारांचा ठसा आहे. खरे सांगायचे तर धर्मगुरू असूनही मला ती हळहळ समजते. तो मोठा ग्रंथ लिहून झाला असता तर? दुसऱ्या बाजूने पाहिले तर, म्युन्स्टर शहरात सहायक बिशप असताना १६८३ साली नव्या बिशपच्या निवडणुकीत पैशांचे व्यवहार झाले आणि स्टेनो ते शहर सोडून निघून गेले. डोळ्यांना जे दिसले ते नाकारायचे नाही, ही सवय त्यांनी प्रयोगशाळेतून बरोबर आणली होती. ती त्यांना महाग पडली.

बिशपची अंगठी आणि क्रूस विकून त्यांनी गोरगरिबांना मदत केली. उपास इतके कडक की शरीर खंगत गेले. त्यांनी प्रकृतीची इतकी हेळसांड करायला नको होती, असे मला वाटते. शरीराची रचना त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? ५ डिसेंबर १६८६ रोजी उत्तर जर्मनीतील श्वेरीन येथे ते वारले. वय अवघे ४८. ड्यूक कोझिमो यांनी त्यांचे शव फ्लॉरेन्सला आणून सान लोरेंझो चर्चमध्ये ठेवले.

जवळजवळ दोनशे वर्षे त्यांचे नाव मागे पडले होते. १८८१ साली इटलीतील बोलोन्या येथे जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांची परिषद भरली. ती संपल्यावर शास्त्रज्ञ मुद्दाम फ्लॉरेन्सला त्यांच्या कबरीपाशी गेले आणि आपल्या शास्त्राच्या या जनकासाठी त्यांनी तेथे संगमरवरी फलक बसवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पाचवी ते आठवीच्या मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात येताना प्लास्टिकची एक मोकळी बाटली आणावी. त्याबरोबर घरामागची मूठभर माती, थोडी रेती आणि बारीक खडी आणावी. पाणी आपण येथेच घेऊ. बाटली हलवून खिडकीत ठेवायची आणि त्यापुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही. आत काय झाले ते मुलांनी स्वतः पाहून वहीत काढायचे आहे. पालकांना नम्र विनंती : कृपया उत्तर आधी सांगू नये.

आपला,
धर्मगुरू